अधिक-उणे तीन मीटर

आप्पाला फोनवर ‘कुठे आहेस?’ असं कधी विचारू नये. साधा माणूस ‘नळस्टॉपला’ म्हणतो आणि विषय संपतो. आप्पा ‘थांब हं’ म्हणतो. मग पिशवीची चेन उघडल्याचा आवाज येतो, दोन-तीनदा टूंक टूंक होतं आणि आप्पा आकाशवाणीच्या निवेदकासारखा वाचायला लागतो, “उत्तर अठरा अंश तीस पूर्णांक चार मिनिटं, पूर्व...” शेवटी बजावतो, “अधिक-उणे तीन मीटर.” आपण तिथे जावं, तर आप्पा टपरीच्या सावलीत नसतोच. भर उन्हात, झाडं आणि इमारती टाळून, रस्त्याच्या दुभाजकाला चिकटून उभा असतो. मोकळं आकाश लागतं त्याला. वाहनं त्याला तीन मीटरच्या आतून घासून जातात, पण त्याची नोंद यंत्रात होत नाही.

आप्पा बँकेच्या तपासणी विभागात होता. दुसऱ्याच्या शाखेत जाऊन, दुसऱ्याच्या चहावर, दुसऱ्याच्या चुका शोधण्यात त्याची बत्तीस वर्षं गेली. अशा माणसाला स्वतः काही विकत घ्यायची वेळ आली की फार त्रास होतो. कारण घेतल्यानंतर निघालेल्या चुका स्वतःच्या असतात.

त्याला हा नाद लागला तो २०११ च्या जुलैत. तोरण्यावरून राजगडाकडे जाणाऱ्या सोंडेवर आम्ही धुक्यात सापडलो होतो. पुढच्या माणसाची पाठपिशवी दिसेना. कारवीच्या त्याच जाळीला आम्ही तिसऱ्यांदा वळसा घातला, तेव्हा समोरून मुंबईचा कुठलासा ग्रुप आला. त्यांच्या म्होरक्याने गळ्यातली पिवळी डबी उचलली, तिच्याकडे पाहिलं, “डावीकडे रे” म्हणाला आणि सगळे धुक्यात विरघळले. आम्ही निमूटपणे त्यांच्यामागे गेलो आणि रस्ता सापडला. आम्हांला आनंद रस्त्याचा झाला. आप्पाला ती डबी लागली. उतरताना त्याने मला एवढंच विचारलं, “कुठल्या कंपनीची होती, बघितलंस?”

दुसऱ्या दिवशी त्याने दोनशे पानी वही आणली. दुकानात गेला नाही, वही आणली. तिथेच मला पुढची आठ वर्षं दिसायला हवी होती.

वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’, खाली ‘हातातले जीपीएस यंत्र : तुलनात्मक तक्ता’ आणि सत्तावीस रकाने. वजन, पडदा, बटणं की स्पर्श, सेल किती तास, पाण्यात किती वेळ, नकाशे कोणते, अँटेना कसली. ह्या अँटेनेवर आप्पाने एक अख्खी कोजागिरी घालवली. एका जातीत आत चौकोनी वडीसारखी चकती असते, ते यंत्र तळहातावर आडवं धरावं लागतं. दुसरीत तार स्प्रिंगसारखी गुंडाळून एका नळीत बसवलेली असते, म्हणून त्या यंत्राच्या डोक्यावर तो जाड खुंट येतो आणि ते उभं धरावं लागतं. दाट झाडीत खुंटवालं बरं, असं जाणकार म्हणतात. पण खुंटवालं जड. वडीवालं हलकं, पण खिशात उभं राहिलं की रुसतं. दूध आटून त्याची बासुंदी झाली तरी आप्पा खुंट आणि वडी यांच्यात अडकलेला. शेवटी वहिनी म्हणाल्या, “मला वडी म्हटलं की आळूची दिसते. तेवढी करून देते, झोपा.”

आता हे सगळं ज्ञान त्याला मिळायचं कुठून, तर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांकडून. ही यंत्रं तिकडे घेतं कोण, तर हरणाच्या, एल्कच्या मागे जंगलात जाणारी माणसं. त्यामुळे यंत्राची परीक्षा त्यांनीच केलेली आणि लिहून ठेवलेली. आप्पा रात्र-रात्र मोंटाना आणि कोलोरॅडोच्या शिकाऱ्यांचे अनुभव वाचायचा. आप्पा स्वतः अंड्याच्या पोळीला ‘तव्यावर नको, वेगळं पातेलं घ्या’ म्हणणाऱ्या घरातला. आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून सशाकडेही वाईट नजरेने बघायची सोय नाही. तरी आप्पा चहा पिता पिता सहज म्हणायचा, “अरे, एल्क पडतो संध्याकाळी. त्याला सोलून, तुकडे करून न्यायला चार फेऱ्या लागतात. अंधारात परत तीच जागा सापडायला हवी. तेव्हा बटणंच पाहिजेत, रक्ताच्या बोटांनी टचस्क्रीन चालत नाही.” शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मिसळ अर्धी टाकून उठले.

त्या शिकाऱ्यांना यंत्रात सगळ्यांत मोलाचं काय वाटतं, तर रस्ता नव्हे. जमीन कुणाची ते. सरकारी रान कुठे संपतं आणि कुणाचा खासगी माळ कुठे सुरू होतो, हे पडद्यावर रेघ मारून दाखवणारे नकाशे तिकडे वेगळे विकत मिळतात. कारण परवानगीशिवाय दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल पडलं की खटला. आप्पाने तक्त्यात ह्या रकान्यासमोर ‘आपल्याकडे निरुपयोगी’ असं लाल शाईने लिहिलं होतं. ही नोंद ध्यानात ठेवा.

तोवर जग थांबलं नव्हतं. गार्मिन कंपनीच्या एट्रेक्स मालिकेत १०, २० आणि ३० अशी तीन भावंडं होती. आप्पाने दहाला नापास केलं, वीसवर दोन वर्षं विचार केला आणि तीसवर आला. तीस नक्की झालं, दसऱ्याचा मुहूर्त ठरला, आणि ‘३० एक्स’ निघालं. आप्पाने वहीत नवीन पान उघडलं. चार वर्षांनी ‘३० एक्स’ पास झालं, तेव्हा बाजारात ‘३२ एक्स’ उभं. गार्मिन हे नाव गॅरी बरेल आणि मिन काओ अशा दोघांच्या नावांची सुरुवात जोडून झालं, हे आप्पाला पाठ. १९८९ साली एकाच वर्षात त्यांनी कंपनी काढली आणि मॅगेलान कंपनीने हातात धरायचं पहिलं जीपीएस यंत्र विकायला आणलं, हेही पाठ. अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी मे २००० मध्ये सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकेपर्यंत सामान्य माणसाला शंभर मीटरपर्यंत चुकीची जागा दिसायची, हे तर तो असं सांगायचा की जणू त्या बैठकीला इतिवृत्त लिहायला तोच होता. एवढं सगळं माहीत आणि यंत्र नाही. संगीताचा असा एक रसिक असतो बघा, ज्याला सगळ्या घराण्यांच्या वंशावळी येतात आणि भूपाली ओळखता येत नाही.

“दोन खोल्यांचा फ्लॅट ह्यांनी एका रविवारी घेतला,” वहिनी सांगायच्या. “बिल्डरचं तोंडही नीट बघितलं नव्हतं.”

मोबाइलमध्ये जीपीएस असतंच की, असं त्याला सांगून पाहणारे आमच्यात तिघे होते. आता एकही नाही. आप्पा पहिल्यांदा हसतो. मग विचारतो, “थंडीत तिसऱ्या दिवशी बॅटरी? पावसात ओलं बोट? आणि दगडावर पडला तर?” यंत्राला दोन पेन्सिल सेल घातले की वीस-पंचवीस तास चालतं, आणि पेन्सिल सेल वेल्ह्याच्या किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी मिळतात. खरं सांगायचं तर हा मुद्दा बिनतोड आहे. रेंज नसली की जीपीएस बंद पडतं हा आपल्याकडचा लाडका गैरसमजही आप्पानेच माझ्या डोक्यातून काढला. मोबाइलचा मनोरा वेगळा, उपग्रह वेगळा. उपग्रह वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून नुसती आपली वेळ आणि जागा सांगत फिरतात. आपण ऐकायचं आणि कोण किती लांब याचा हिशेब करायचा. “रेडिओसारखं,” आप्पा म्हणाला. “विविध भारती ऐकतोस म्हणून त्यांना कळतं का, तू ऐकतोयस ते?”

वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. “म्हणजे हे डोंगरात हरवले तर उपग्रहाला कळत नाही?”

“नाही.”

“आणि आम्हाला?”

“नाही. मला कळतं ना, मी कुठे हरवलोय ते.”

वहिनींनी पुढची पूर्ण जुडी एकही शब्द न बोलता निवडली.

न्यू जर्सीच्या भाच्याने तोडगा काढला होता. संकटात बटण दाबलं की उपग्रहातून निरोप पाठवणारं यंत्र तिकडे मिळतं, तेच आणतो म्हणाला. पण आपल्याकडे उपग्रहावरून बोलणारी यंत्रं परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर परदेशी डोंगरभटकेसुद्धा अशा डब्यांपायी अडकले आहेत. आप्पाने हे वाचलं आणि त्याच्यातला तपासनीस घामाघूम झाला. भाच्याला रात्री दोन वाजता फोन करून, “नुसतं ऐकणारं आण, बोलणारं नको,” असं त्याने तीनदा वदवून घेतलं. संसारालाही हेच धोरण बरं, असं वहिनी म्हणाल्याचं मला आठवतं, पण तो विषय वेगळा.

शेवटी डिसेंबरात भाचा यंत्र घेऊन आला. कोणतं मॉडेल ते मी सांगत नाही. आप्पाने मला शपथ घातली आहे. कुणीतरी ‘अरे, त्यापेक्षा ते का नाही घेतलंस’ म्हणेल, याची त्याला झोपेतही भीती वाटते.

यंत्र आलं त्या आठवड्यात संकष्टी होती, म्हणून तो प्रसंग मला पाहायला मिळाला. मी मोदकांसाठी गेलो होतो. गच्चीवर वहिनी पूजेचं ताट घेऊन पूर्वेकडे तोंड करून उभ्या, आणि टाकीजवळ आप्पा, हात वर, हातात डबी. सातासमुद्रापलीकडून आलेलं यंत्र पहिल्यांदा चालू केलं की ते गोंधळलेलं असतं; त्याच्या हिशेबाने ते अजून अमेरिकेतच. कुठला उपग्रह कधी कुठे असेल याचं वेळापत्रक ते आधी उपग्रहांकडूनच उतरवून घेतं. आप्पा त्याला पंचांग म्हणतो, आणि ते पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. जागा आणि उंची कळायला निदान चार उपग्रह हवेत. तिघांकडून जागेचं गणित सुटतं, चौथा आपल्या डबीतल्या घड्याळाची चूक काढायला. माणसाला त्याच्या शेवटच्या जागी पोचवायलाही चारच लागतात, हे मी बोलून गेलो आणि वहिनींनी ‘उपासाच्या दिवशी काय बोलता’ म्हणून झापलं.

“एक मिळाला!” आप्पा ओरडला. शेजारच्या गच्चीवरच्या काकूंना वाटलं चंद्र दिसला. त्यांनी घाईघाईने अक्षता उडवल्या.

मग वाद लागला तो चंद्रोदयावरून. यंत्रात चंद्रोदयाची वेळही दिसते. त्यात ९ वाजून ७ मिनिटं, भिंतीवरच्या कॅलेंडरात ९ वाजून ११. आप्पाचा चेहरा उजळला. “कॅलेंडरातली वेळ मुंबईची! पुणं मुंबईच्या पूर्वेला, जवळजवळ एक अंश. एका अंशाला चार मिनिटं. आपल्याकडे चंद्र आधी उगवतो.” पुण्यात कुठलीही गोष्ट मुंबईच्या आधी होते याचं शास्त्रीय प्रमाण हाती आलेला माणूस मी तेव्हा पाहिला. वहिनींनी ताट घट्ट धरलं आणि ९ वाजून ११ मिनिटं होईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. चंद्र तेवढ्या वेळात केव्हाच वर आला होता.

पुढचे पंधरा दिवस आप्पा घरातल्या घरात फिरत होता. यंत्राच्या मूळ नकाशात भारत जवळजवळ कोरा होता. एक महामार्गाची रेघ आणि ‘पुणे’ नावाचा ठिपका. सगळ्या पुण्याला एक ठिपका, हे त्याला लागलं. त्याने फुकटातले नकाशे उतरवून भरले. यंत्रात हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापकही होता. एका ढगाळ सकाळी आप्पाने फोन केला, “घर रात्रीतून अठरा मीटर वर गेलं.” हवेचा दाब उतरला की यंत्राला वाटतं आपण चढलो. मला ते त्याने समजावून सांगितलं. मागून वहिनींचा आवाज आला, “सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलू नका, लिफ्टचा मेंटेनन्स वाढवतील.”

जानेवारीत राजगड ठरला. पायथ्याला गुंजवण्यात सकाळी सातला उतरलो. चहा सांगितला. आप्पाने आधी होकायंत्राला वळण लावायला घेतलं. त्यासाठी यंत्र तीन अंगांनी फिरवावं लागतं: आडवं धरून एक फेरी, उभं धरून एक फेरी, कुशीवर धरून एक फेरी. आप्पा डोळे पडद्याला लावून स्वतःभोवती हळूहळू गिरक्या घेत होता. चहावाल्या मावशींनी हात जोडले आणि आम्हांला हळूच विचारलं, “कंचं दैवत हाय?”

गिरक्या संपल्या. आप्पाने यंत्रात ‘राजगड’ निवडला, बाण आला, आणि आप्पा गप्प झाला.

“काय रे?”

“बत्तीस किलोमीटर.”

“काय बत्तीस?”

“राजगड. इथून बत्तीस किलोमीटर. नैर्ऋत्येला.”

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. गड समोर उभा होता. कोवळं ऊन पडलं होतं, बालेकिल्ला स्वच्छ दिसत होता. आप्पानेही पाहिलं. पण त्याच्या नजरेत संशय होता. पेशवाईत सदाशिवरावभाऊंचा तोतया पुण्यात आला तेव्हा कारभाऱ्यांनी त्याच्याकडे जसं पाहिलं असेल, तसा आप्पा राजगडाकडे पाहत होता. दिसतोय तसाच, पण कागद काय म्हणतात?

उलगडा व्हायला दोन चहा लागले. अक्षांश-रेखांश लिहायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत अंशाचे दशांश करतात, दुसरीत अंश आणि मिनिटं. साठ मिनिटांचा एक अंश. राजगड अठरा अंश १४.७६ मिनिटं उत्तर, त्र्याहत्तर अंश ४०.९२ मिनिटं पूर्व. आप्पाच्या वहीत हे आटोपशीर बँकेच्या अक्षरात ‘१८-१४७६, ७३-४०९२’ असं उतरलं होतं, आणि यंत्रात भरताना १८.१४७६ आणि ७३.४०९२ अंश झालं. म्हणजे मिनिटांचे दशांश झाले. रुपये-आणे-पैशांची बेरीज दशमानात करावी तसं. आप्पाने आयुष्यात दुसऱ्यांच्या वह्यांतून नेमकी हीच चूक पकडून लोकांच्या बढत्या थांबवल्या होत्या.

मी नकाशा काढून तो आकडा कुठे पडतो ते पाहिलं. सह्याद्री ओलांडून, घाट उतरून, खाली कोकणात, रायगड आणि महाड यांच्या मधोमध. महाराजांनी राजगडावरून रायगडला राजधानी नेली होती. आप्पाने अख्खा राजगडच नेला.

हे वाक्य मी मोठ्याने बोललो ही माझी चूक. चोरदरवाज्यापर्यंत आप्पा माझ्याशी बोलला नाही. चढ खडा आहे, वरच्या टप्प्यात रेलिंग धरून जावं लागतं. बाकीचे दोन्ही हातांनी चढत होते, आप्पा एका हाताने. दुसऱ्या हातात यंत्र आडवं धरलेलं, वडीवालं की खुंटवालं ते ह्यावरून ज्याचं त्याने ओळखावं. वर पोचल्यावर आम्ही मडक्यातलं दही मागवलं. दहीवाल्या मुलाने आप्पालाही वाटी दिली. आप्पाने आधी त्या जागेची खूण यंत्रात साठवली, तिला ‘दही १’ असं नाव दिलं, मग चमचा उचलला. खाली उतरेपर्यंत ‘दही ३’ पर्यंत मजल गेली होती.

रात्री पद्मावतीच्या देवळात मुक्काम. आप्पाने यंत्र उशाशी चालूच ठेवलं, कारण ‘पूर्ण ट्रॅक’ हवा होता. सकाळी पाहतो तो यंत्राच्या मते आप्पा रात्रभरात पावणेचार किलोमीटर चालला होता, आणि त्यात एकदा ताशी अकरा किलोमीटरच्या वेगाने पळालाही होता. दगडी छताखाली उपग्रहाचा आवाज भिंतींवर आपटून येतो, जागा इकडेतिकडे उड्या मारते, आणि यंत्र त्या सगळ्या उड्या इमानाने चालण्यात धरतं. आप्पाने हे समजावलं तरी आमच्यातल्या एकाने त्याच्या पायांना बाम लावायची तयारी दाखवलीच.

त्याच सकाळी यंत्रातलं आणखी एक पान उघडलं. चंद्राच्या जागेवरून ते त्या दिवसाची शिकारीची आणि मासेमारीची वेळ काढून देतं. त्या दिवसाला शेरा होता ‘उत्तम’. आठ वाजून दहा मिनिटांपासून दोन तास. आम्ही सव्वाआठला उतरायला लागलो आणि बरोबर दहाच्या आत गुंजवण्यात एका ओसरीवर पिठलं आणि तांदळाची भाकरी टिपली. तेवढ्यापुरता अमेरिकेचा अंदाज खरा ठरला.

ओसरी ज्यांची, त्या मामांचं लक्ष मघापासून आप्पाच्या गळ्याकडे होतं. त्यांनी भाकरी वाढता वाढता विचारलं, “सायेब, ह्ये काय हाय?”

आप्पाला आठ वर्षांत इतका मोकळा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो सुरू झाला. उपग्रह, त्यांची घड्याळं, वर काळ वेगळा चालतो म्हणून ती घड्याळं दिवसाला अडतीस मायक्रोसेकंद पुढे जातात, ते आधीच दुरुस्त केलं नसतं तर एका दिवसात कित्येक किलोमीटरची चूक... मामा मान डोलवत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“ह्याच्यात माज्या खाचराचा बांध दिसंल का?”

आप्पाचा घास हातात राहिला. तिकडच्या शिकाऱ्याला हवी असते तीच रेघ. तक्त्यातला लाल शाईचा रकाना.

बांध दिसत नाही, पण कडेने चालत फेरी मारली की मधलं क्षेत्रफळ यंत्र काढून देतं, असं आप्पा म्हणाला. आणि म्हणून बसला. मामा लगेच उठले. भात कापून झालेला होता, खाचरं मोकळी होती. पुढे आप्पा, मागे मामा, बांधाच्या कडेकडेने. आप्पा पाय जपून टाकत होता, यंत्र छातीपाशी, चेहरा मुंजीतल्या भटजीसारखा. पहिल्या फेरीला आलं सव्वाअकरा गुंठे. आप्पाने खात्री म्हणून दुसरी मारली. साडेबारा. तिसरी मारली. दहा.

आप्पाला कारण ठाऊक होतं. अधिक-उणे तीन मीटर, म्हणजे दहा फूट. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. डोंगरात दहा फूट म्हणजे काहीच नव्हे, पायवाट दिसतेच. पण बांधावर भांडण असतं ते फुटाचं, कधी वितीचं. नांगराचा एक तास इकडे की तिकडे यावर दोन-दोन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला गेलेल्या नसतात. आप्पाने हे मामांना नीट, मायेने, गुंठ्यांत रूपांतर करून सांगितलं.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मंग ते साडेबारावालं लिवून द्या.”

“तसं नाही देता येत, मामा.”

“का? मशिननंच दिलंय न्हवं?”

“मशीनने दहापण दिलंय.”

“ते ऱ्हाऊ द्या. ते चुकीचं आसंल.”

आप्पाला बत्तीस वर्षांच्या नोकरीत अनेकांनी अनेक कागदांवर सह्या मागितल्या होत्या. इतक्या निरागसपणे कुणी मागितली नव्हती. तो कपाळ पुसत होता, तेवढ्यात पलीकडच्या खाचरातून एक टोपीवाले गृहस्थ आले. मामांचे चुलतभाऊ. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही, यावरून नातं कळलं. गृहस्थ आप्पाला म्हणाले, “सायेब, आलाच हाय तर माजंबी मोजा. फकस्त यवडं करा, मशीन जरा बांधाच्या पल्याडनं धरा.”

आम्ही आप्पाला गाडीत घालून तिथून निघालो. मार्गासनीपर्यंत तो काही बोलला नाही. यंत्र गळ्यात होतं, पण तो काचेतून बाहेर, बांधांकडे बघत होता. एक, दोन, दहा, सगळीकडे बांधच बांध. मग त्याने पिशवीत हात घातला. वही निघाली. कोरं पान उघडून त्याने वर ‘श्री’ काढला.

“आता दोन फ्रिक्वेन्सीवर ऐकणारी यंत्रं निघाली आहेत,” तो म्हणाला. “एल-वन आणि एल-फाइव्ह. आपटून आलेला सिग्नल ओळखता येतो त्यांना. चूक बरीच कमी होते.”

“वितीइतकी?”

“तेवढी नाही. पण बघायला हवं. मामांना शब्द दिलाय, पुढच्या भातकापणीपर्यंत घेऊन येतो म्हणून.”

“कुठल्या सालच्या?” मी विचारलं.

आप्पा रकाने आखत होता.